सात नंबरच्या मडक्यातले भाडेकरू

“मॅडम, उंदराच्या घरात उंदीर होतात का?”

शाळेच्या सभागृहातले दीडशे जण हसले. हसणारच. मुळात हा प्रश्न माझा नव्हताच. झोया मुकादम आणि कस्तुरी घाडी या माझ्या मैत्रिणींनी पैज लावली होती, की एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञ बाईंना ऋजुता मेस्त्री हे विचारूच शकणार नाही. वर्षापूर्वी खरंच शकले नसते. आठवीत हजेरीला ‘उपस्थित’ म्हणतानाही माझा आवाज बाकाखाली पडायचा. पण या ऑगस्टमध्ये वक्तृत्वात पहिली आले आणि तेव्हापासून मला माझा आवाज फार आवडायला लागलाय. मिळेल तिथे वापरते.

डॉ. सुलभा केळुसकर हसल्या नाहीत. त्यांनी चष्मा काढला, डोळे चोळले.

“होतात,” त्या म्हणाल्या. “उंदीर नव्हेत, पण आपल्याला उंदरांचा होतो तसा उंदरांना त्रास देणारे होतात. मग त्या त्रास देणाऱ्यांना खाणारे होतात. एका घरट्यात उंदीर एक आणि भाडेकरू दोन-तीनशे असू शकतात. मोजायला कुणाला वेळ असेल तर शनिवारी काचघरात या.”

एवढं बोलून त्या खुर्चीत बसल्या आणि पुढचं भाषण त्यांनी बसूनच केलं.

शनिवारी मी गेले. एकटीच. झोया म्हणाली, “अगं, पैज प्रश्न विचारण्याची होती! उत्तराच्या मागे सड्यावर चढायची नव्हती.”

सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचं सपाट कातळ. आमच्या गावच्या सड्यावर माझ्या आजोबांच्या काळापासून खाण चालली. ती बंद झाली तेव्हा वर झाड नाही, माती नाही, नुसता लाल दगड उरला. त्या दगडावर केळुसकर बाईंनी अकरा वर्षांपूर्वी फुटबॉलच्या मैदानाएवढं काचघर उभारलं. आत पसरायला माती बाहेरून आणली, भट्टीत भाजून, म्हणजे तिच्यातून रोग यायला नकोत. बाईंचं म्हणणं, आत एकदा जंगल उभं राहिलं की काचा एक एक करून काढून टाकायच्या.

जंगल लावायला त्यांनी ठेवले होते शेतातले छोटे उंदीर. उंदीर बिया पळवतो, पुरतो आणि निम्म्या विसरतो. विसरलेल्या उगवतात. म्हणजे बिनपगारी माळी! त्यांच्यासाठी जमिनीत बारा मडकी आडवी पुरली होती. त्यात ते गवत, केस, कापूस कोंबून घरटी करायचे.

पण उंदीर मरत होते.

“मोठे नाही मरत. पिल्लं मरतात,” बाईंनी पहिल्याच शनिवारी मला सांगितलं. “पिसवा लागतात, रक्त शोषून घेतात. चाळीस उंदीर होते, आता एकोणीस आहेत. अठ्ठावीस नोव्हेंबरला काचघर तपासायला समिती येणार आहे. या हंगामातली पिल्लं जगली नाहीत, तर काचघर बंद.”

“आणि मग तुम्ही?”

“मग मी झोपणार,” बाई म्हणाल्या. ते त्या गंमतीने म्हणाल्या की खरंच, ते मला कळलं नाही.

काचघरात तिसरा कर्मचारी होता झाडूराव. हा सफाई करणारा रोबो. मुळात तो दवाखान्याच्या व्हरांड्यासाठी बनलेला, तिथून निवृत्त होऊन इकडे आलेला. बॅटरी जुनी. दोन तास काम केलं की चार तास भिंतीला टेकून चार्ज होत बसायचा. दर पंधरा दिवसांनी तो प्रत्येक मडकं रिकामं करायचा, वाफेने धुवायचा, स्वच्छ काथ्या भरायचा आणि थकलेल्या आवाजात जाहीर करायचा, “पंधरवड्याची स्वच्छता पूर्ण. मडके क्रमांक सात: अगम्य.”

अगम्य म्हणजे जिथे पोचता येत नाही असं. सात नंबरच्या मडक्यावर दोन वर्षांपूर्वी एक मोठी फरशी कलंडली होती. झाडूरावाचा जाडजूड हात तिच्याखाली जात नव्हता. दोन वर्षं तो हेच वाक्य बोलत होता आणि दोन वर्षं ते कुणी ऐकत नव्हतं. मीही नाही.

दिवाळीची सुट्टी लागली. घरी मम्मीने साफसफाई काढली होती. माळा, भांडी, पंखे, पडदे. सलग तीन दिवस घासून माझ्या बोटांना भेगा पडल्या होत्या. वसुबारसेच्या आदल्या दिवशी दुपारी त्यातून सुटून मी काचघरात आले. बाई ऑफिसात टेबलावर डोकं ठेवून पडल्या होत्या, झाडूराव चार्जिंगला होता. मी फरशीखाली टॉर्च मारला.

सात नंबरमध्ये एक उंदरीण होती. तिच्याजवळ चार पिल्लं. गुबगुबीत, गुलाबी कानांची!

पण घरटं? शी! काळं पडलेलं गवत, बुरशी, लेंड्या, धान्याची टरफलं, केसांचे गोळे. सगळं ओलसर आणि त्यात काहीतरी वळवळतंय. मला त्या पिल्लांची इतकी दया आली! एवढी छान पिल्लं आणि अशा घाणीत? समिती येईपर्यंत हीसुद्धा जातील. माझा हात बारीक आहे, तो फरशीखाली सहज जात होता. मग काय! हातमोजे घातले, पिल्लांना कापसावर ठेवलं, उंदरीण कोपऱ्यात पळाली आणि मी मडक्याचा तळ दिसेपर्यंत खरवडून काढलं. पाऊण तास लागला. सगळी घाण बादलीत, बादली कचऱ्याच्या ट्रॉलीवर. आत नवा काथ्या, वर पिल्लं. फराळाआधीच बक्षीस मिळणार, अशा थाटात मी ऑफिसात गेले.

“बाई, सात नंबर झालं! मी केलं! आणि आत चार पिल्लं आहेत, एकदम धट्टीकट्टी!”

बाईंनी डोकं वर केलं. “सात नंबरमध्ये पिल्लं जगली आहेत?”

“चारही!”

“जिथे झाडूराव कधीच पोचला नाही तिथे?”

मी “हो” म्हणाले. म्हणता म्हणता माझा आवाज, हा एवढा मोठा आवाज, कुठेतरी गेला. अकरा मडकी धुतलेली, त्यात पिल्लं मरतात. एकच मडकं न धुतलेलं, त्यात जगतात. आणि ते मी आत्ताच धुऊन आले होते.

बाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या फक्त म्हणाल्या, “काय काढलंस आतून? कुठे ठेवलंस?”

“ट्रॉलीवर.”

“चार वाजता झाडूराव ट्रॉली वाफेच्या पेटीत टाकतो. किती वाजले?”

चार वाजून तीन मिनिटं झाली होती.

मी धावले. झाडूराव पेटीसमोर उभा होता. अर्धी बादली आत ओतून झाली होती आणि पेटी फुसफुसत होती.

“थांब! झाडूराव, थांब! ओतू नकोस!”

“कचरा चार वाजता नष्ट करणे, नियम नऊ,” झाडूराव म्हणाला. त्याने हात थांबवला, पण बादली तशीच तिरकी धरली.

“हा कचरा नाहीये रे!”

“कचऱ्याच्या ट्रॉलीवर होता.”

“मी चुकून ठेवला! हा… हा नमुना आहे. अभ्यासासाठीचा नमुना.”

झाडूराव विचार करायला लागला की त्याच्या पोटातून मिक्सरसारखा आवाज येतो. “नमुना नष्ट करता येत नाही,” तो म्हणाला. “नमुन्याला चिठ्ठी लागते. कुठून काढला, कधी काढला, कुणी काढला.”

मी खिशातल्या मार्करने बादलीवर लिहिलं: मडके सात. आज दुपारी तीन. काढणार, ऋजुता मेस्त्री. शेवटचे दोन शब्द लिहायला जड गेलं. पण त्याशिवाय तो बादली सोडेना.

संध्याकाळी बाईंनी दिव्याची गाळणी लावली. ही युक्ती घरीही करता येईल, फार सोपी आहे. मोठं नरसाळं घ्यायचं, त्यात जाळी, जाळीवर घरट्यातली मूठभर घाण. वर साधा गरम होणारा दिवा, खाली काचेची बरणी. बारीक जिवांना अंधार आणि ओल हवी असते. वरून उजेड आणि ऊब यायला लागली की ते खाली खाली सरकतात आणि शेवटी जाळीतून टपकतात. फक्त एक मूठ आम्ही मोजायला लावली, बाकीची घाण तशीच ओलसर ठेवली.

सकाळी बरणी सूक्ष्मदर्शकाखाली आली. तेव्हा मला कळलं की बाईंना नीट दिसतच नाही. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. समिती होऊन जाऊ दे, मग ऑपरेशन, म्हणून त्या दोन वर्षं थांबल्या होत्या. त्या डोळे मिटून बाजूला बसल्या.

“तू बघ. मला सांग. काय दिसतंय?”

“पांढरं काहीतरी… उडालं! बाई, उडी मारली त्याने!”

“पंख आहेत?”

“नाहीत. पोटाखाली चिमट्यासारखं काहीतरी आहे.”

“स्प्रिंगटेल. पोटाखालच्या चिमट्यावर उडतो. बुरशी खातो. किती आहेत?”

“खूप.”

“खूप हा आकडा नाही, ऋजुता.”

मग मी मोजले. एकशे बारा.

“पुढे?”

“विंचू! बाई, विंचू आहे! पण… नांगीच नाही. तांदळाच्या कणीएवढा आहे.”

“खोटा विंचू. घाबरू नकोस. काय करतोय?”

“आठ पायांचं एक ठिपक्याएवढं काहीतरी चिमट्यात धरलंय त्याने. खातोय बहुतेक.”

“तो कोळीकिडा. कोळ्याचा अगदी छोटा भाऊबंद. त्यातले काही रक्त पितात, काही शिकार करतात. वेगवेगळे मोज.”

असे दोन दिवस गेले. आखूड पंखांचे भुंगेरे निघाले, ते पिसवांच्या अळ्या फस्त करतात. लोकरीच्या कपड्यांना लागते तसली कसर निघाली, ती उंदराचे गळलेले केस खात होती. लेंड्या खाणाऱ्या माश्यांच्या अळ्या. आणि पिसवा? त्याही होत्या. पण फक्त पाच! झाडूरावाने धुतलेल्या मडक्यांत पंधरा दिवसांत चाळीस-चाळीस निघत होत्या.

या सगळ्यांना मिळून अपृष्ठवंशीय प्राणी (पाठीचा कणा नसलेले) म्हणतात. आणि त्यांच्या दृष्टीने घरटं म्हणजे अधिवास (राहण्याची, खाण्याची, वाढण्याची जागा). बाहेर सड्यावर दुपारी दगड पाय भाजतो, रात्री गार पडतो. घरट्यात उंदराच्या अंगाची ऊब, श्वासाची ओल, सांडलेलं धान्य, केस, बुरशी. एवढ्याशा किड्याला आणखी काय हवं? मैदानभर उन्हाळा आणि मधे एक ओलसर सावलीची खोली, तसं.

पण कोडं तसंच राहिलं होतं. स्वच्छ मडक्यात पिसवा जास्त का?

“तूच सांग,” बाई म्हणाल्या. “झाडूराव मडकं धुतो तेव्हा कोण मरतं?”

“सगळे.”

“उंदराच्या अंगावर बसलेली पिसू?”

“ती… ती उंदराबरोबर बाहेर जाते. ती वाचते.”

“आणि उंदीर परत आला की?”

“तीही परत येते. अंडी घालते. अळ्या होतात.” मग मला एकदम लख्ख दिसलं. “आणि त्या अळ्या खायला भुंगेरा नसतो! तो वाफेत मेला! खोटा विंचूही मेला! बाई, पिसू गाडीवर बसून येते आणि तिला खाणारे चालत येतात!”

“चालत येतात,” बाई म्हणाल्या, “पण कुठून? गावाकडच्या शेतात आले असते बांधावरून, पाल्यातून. इथे बाहेर नुसतं कातळ आहे आणि आतली माती मी भट्टीत भाजून आणली. जे काही जगलं ते सातच्या फरशीखाली.” त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “पंधरवड्याच्या सफाईचा नियम मीच लिहिला. प्रयोगशाळेतल्या पिंजऱ्यांचा नियम उचलला आणि जंगलाला लावला. इतकी वर्षं तो रोबो बिचारा सांगतोय, सात अगम्य, सात अगम्य. तू एका दुपारी एक मडकं पुसलंस. मी अकरा वर्षं बारा पुसत होते.”

मला रडू येत होतं, पण मोजणी अर्धी होती.

पुढे काय करायचं ते आम्ही ठरवलं. उरलेल्या घाणीतली निम्मी सात नंबरला परत. बाकीची चमचा चमचा करून एक ते पाच नंबरच्या मडक्यांत, आणि त्यांना झाडूरावाने हात लावायचा नाही. सहामध्ये कुणी राहतच नव्हतं. आठ ते बारा मात्र नेहमीसारखी धुवायची. सहामध्ये कुणी राहतच नव्हतं. म्हणजे फरक पडला तर तो घाणीमुळेच पडला का, हे ताडून बघता येईल. याला तुलनागट म्हणतात (ज्याच्यात बदल करायचा नाही, फक्त ताडून बघायचा, असा गट). आठ ते बारामधली पिल्लं मरतील हे माहीत असून ती तशीच ठेवायची, याचा मला दोन दिवस राग आला होता. “सगळ्यांत घाण टाकली तर पुरणार नाही,” बाई म्हणाल्या. “आणि पुरली तरी नंतर कुणी विश्वास ठेवणार नाही. मलाही आवडत नाहीये.”

झाडूरावाला हे समजावणं सगळ्यात कठीण गेलं. “मडके एक: अस्वच्छ,” तो रोज कळवायचा. “मडके दोन: अस्वच्छ. कृपया परवानगी द्यावी.” पाचव्या दिवशी मी त्याला सांगितलं की एक ते पाच आणि सात ही मडकी नाहीत, नमुने आहेत. सगळ्यांना चिठ्ठ्या लावल्या. मग तो शांत झाला.

सात नंबरमधलं एक पिल्लू तिसऱ्या दिवशी मेलं. मी उघड्यावर ठेवलं तेव्हा गारठलं असणार. मी वहीत लिहून ठेवलं. बाई म्हणाल्या, कारण पण लिही. लिहिलं.

मग फक्त मोजणं. तीन आठवडे! सुट्टी संपली, शाळा सुरू झाली, शाळेतून थेट सड्यावर. सूक्ष्मदर्शकात बघून बघून डोळे मिटले तरी स्प्रिंगटेल उडायचे. इतिहासाच्या तासाला मी बाकावर झोपले आणि झोपेत “एकोणचाळीस” म्हणाले, असं कस्तुरीने सगळ्या वर्गाला सांगितलं. वैतागून एकदा मी बाईंना म्हणाले, “हे झाडूरावाला करायला सांगा ना! त्याचे डोळे माझ्यापेक्षा चांगले आहेत.” “सांगितलं होतं गं,” बाई डोळे मिटूनच म्हणाल्या. “त्याने मोजले आणि मग पुसून टाकले.” आम्ही दोघी इतक्या हसलो! दमलेल्या माणसाला हसू आवरत नाही.

अठ्ठावीस तारखेला समितीची ड्रोनगाडी उतरली. अध्यक्षा होत्या देशमाने मॅडम, इस्त्रीच्या साडीतल्या, घड्याळाकडे बघणाऱ्या. मम्मी-पप्पा मला न्यायला आले होते, तेही दाराशी उभे होते. बाईंनी आकडे सांगितले. घाण टाकलेल्या पाच मडक्यांत मिळून बेचाळीस पिसवा, तेवीसपैकी सतरा पिल्लं जिवंत. धुतलेल्या पाच मडक्यांत एकशे अठ्ठ्याण्णव पिसवा, एकवीसपैकी चार जिवंत.

“आणि ही कल्पना सुचली कशी?” मॅडमनी विचारलं.

“सात नंबरचं घरटं चुकून रिकामं झालं,” बाई म्हणाल्या. “ती चूक माझ्या…”

“माझी,” मी म्हणाले. उभी राहिले. या वेळी आवाज होता. “मी दिवाळीची सफाई केली. बाईंना न विचारता. एक पिल्लू त्यात मेलं, ते वहीत आहे.”

मॅडमनी पहिल्यांदा घड्याळावरून नजर काढली. “तीन आठवडे म्हणजे काहीच नाही, मुली. हा नुसता योगायोग कशावरून नाही?”

घरी मी यावर खूप मोठं उत्तर पाठ केलं होतं. ते आठवेना. मग खरं होतं तेच बोलले. “असू शकतो. थंडीत पिसवा कमी होतात की काय, आम्हाला माहीत नाही. पावसाळ्यात या किड्यांचं काय होतं, तेही माहीत नाही. त्याला वर्ष लागेल. आज तुम्ही काचघर बंद केलंत तर ते कधीच कळणार नाही.”

समिती बाहेर जाऊन बोलली. पंधरा मिनिटं झाडूरावाच्या पोटातल्या आवाजाशिवाय काही ऐकू येत नव्हतं. मग मॅडम आत आल्या. एक वर्ष मिळालं. अट एकच: दर आठवड्याला प्रत्येक मडक्याची मोजणी, एकही आठवडा न चुकवता.

ड्रोनगाडी उडाली. मी नाचायला लागले. बाई मात्र पायरीवर बसल्या.

“वर्ष दिलं त्यांनी,” त्या म्हणाल्या, “पण दर आठवडा… मला दिसत नाही गं. ऑपरेशन केलं तरी मान धरते, हात कापतो. मी खरंच थकले आहे, ऋजुता. मी नावं सांगू शकते. मोजू शकत नाही.”

आत जगलेली पिल्लं होती, बाहेर मैलभर लाल दगड होता. पप्पा हेल्मेट पुढे करत म्हणाले, “चला, झालं ना तुझं? रविवारपासून दहावीचे क्लास सुरू होतायत, लक्षात आहे ना? मम्मीने नाव घातलंय.”

मी हेल्मेट घेतलं. डोक्यात घातलं नाही.

“पप्पा, मम्मी, परवानगी मागत नाहीये, सांगतेय. रविवारचा क्लास मी करणार नाही. पुढचे बावन्न रविवार मी इथे मोजणार आहे. बाई डोळे मिटून नावं सांगतील, मी आकडे सांगीन. दहावीचा अभ्यास उरलेल्या सहा दिवसांत करीन, कमी मार्क पडले तर ते माझे. जंगल उभं राहून या काचा काढायला लागतील तेव्हा पहिली काच धरायला मला इथे असायचंय. आणि आत्ता मला सरळ घरी न्या, कुठे थांबू नका, मी उभ्या उभ्या झोपतेय.”